औषधाचे मडके

वाचकहो, उन्हाळ्यात नवे कलम जगवायचे तर आपण काय करतो? वरून घागरभर पाणी ओतले तर ते वाहून जाते. म्हणून मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडायचे, त्यात वात बसवायची आणि मडके मुळाशी पुरायचे. पाणी थेंबथेंबच, पण नेमके हवे तिथे! जंतूंवरील औषधांच्या इतिहासातही अशाच एका मडक्याचा शोध चाललेला आहे.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतालचे जंतू मेलेले दिसले. पेनिसिलीन सापडले ते असे. पुढे ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी त्याचे औषध केले. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ते अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला टोचले गेले. त्याच्या तोंडावरची जखम चिघळून विष अंगात भिनले होते. चार-पाच दिवसांत ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण औषध संपले! पेनिसिलीन मूत्रपिंडावाटे काही तासांतच बाहेर पडते. डॉक्टरांनी रोग्याच्या लघवीतून ते काढून पुन्हा टोचले, तरी पुरले नाही. १५ मार्चला तो बिचारा गेला. औषध गुणकारी होते. ते अपुरे पडले आणि अंगात टिकले नाही.

मग ते टिकवायचे कसे? १९५० च्या आसपास बेन्झाथिन पेनिसिलीन आले. ते स्नायूत टोचले की आठवडे-आठवडे हळूहळू रक्तात उतरते. हे पहिल्या मडक्यांपैकी एक म्हणायला हरकत नाही. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्याच देशात होऊ लागले.

आता मडक्याची माती पाहू. १८११ साली ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला अळंब्यांत एक चिवट द्रव्य आढळले. तेच कायटिन. आपल्या कोळीणबाई कोळंबी सोलून जी टरफलं टाकतात, त्यांतही ते असते. १८५९ साली रूजे यांनी ते तीव्र क्षारात उकळले, आणि त्यातून जे निघाले त्याला आज कायटोसान म्हणतात. सौम्य आम्लात ते विरघळते आणि तिथे त्यावर धन विद्युत्‌भार येतो. जंतूंच्या अंगावर ऋण भार असतो. म्हणून ते त्यांना जाऊन चिकटते.

१९९७ साली स्पेनमधील संशोधकांनी कायटोसानचे अतिसूक्ष्म कण करण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण काहीशे नॅनोमीटरचे. त्यांनी त्यांत प्रथिन भरले. पुढे इतरांनी जंतुनाशके भरून पाहिली. कण जंतूंपाशी पोचावा आणि औषध तिथेच झिरपावे, ही कल्पना. यातले बरेचसे काम अजून प्रयोगशाळेतच आहे, हेही सांगितले पाहिजे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? जंतूही शिकतात म्हणून! पेनिसिलीन फोडणारे द्रव्य काही जंतूंजवळ असते, हे १९४० सालीच कळले होते. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना फ्लेमिंग यांनी बजावले होते, की अपुरी मात्रा घ्याल तर जंतू मरायचे नाहीत, उलट निर्ढावतील.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, एवढे मुलांच्या मनावर ठसवा: जंतुनाशक औषध आपल्या मनाने घेऊ नये आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घेतल्यावाचून सोडू नये. नवे मडके घडेल तेव्हा घडेल. हाती आहे ते पाणी तर वाया जाऊ देऊ नका.