एकटं राहायला कुणी शिकवलंच नाही

मँचेस्टरच्या गॉर्टन भागात आम्ही राहतो. तिथून बेल व्ह्यूचा जुना डॉग-ट्रॅक चालत जाण्याच्या अंतरावर होता. 24 जुलै 1926 च्या संध्याकाळी विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे, अंडाकृती ट्रॅकवर कुत्री धावण्याची ब्रिटनमधली पहिली स्पर्धा इथे भरली. सतराशेच्या आसपास माणसं आली होती आणि पहिली शर्यत मिस्टली नावाच्या कुत्र्याने जिंकली. जवळजवळ एक शतक चालून 2020 मध्ये इथल्या शर्यती बंद पडल्या. आमच्या घरातला बुक्का हा ग्रेहाउंड कुत्रा याच धंद्यातून निवृत्त झालेला. रंगाने काळाभोर, म्हणून आईने फोनवरूनच त्याचं हे नाव ठेवलं. तो घरी आला तेव्हा दोन-अडीच मिनिटंही एकटा राहू शकत नव्हता. दार ओढून घेतलं की धापा, लाळ, दाराच्या चौकटीवर नखं आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा लांबलचक रडण्याचा सूर. हे असं का होतं, याचं उत्तर मला त्याच्या स्वभावात सापडलं नाही. ते या धंद्याच्या इतिहासात सापडलं.

ग्रेहाउंडच्या शर्यती आधी जमीनदारांच्या होत्या. मोकळ्या शेतात जिवंत ससा सोडायचा आणि त्यामागे दोन कुत्री. 1776 मध्ये स्वाफमला अशा शर्यतींचा क्लब निघाला, 1836 पासून वॉटरलू कप सुरू झाला. त्या काळात कुत्रा मालकाच्या इस्टेटीवर, माणसांच्या वावरातच असे. अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथने खोटा ससा रुळावर पळवण्याची युक्ती काढली आणि 1919 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्यासाठी ट्रॅक उभा केला. सगळं बदललं ते इथून. आता शेत नको, घोडा नको, ऐपत नको. गिरणीतून, गोदीतून सुटलेला कामगार संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात जाऊन दोन शिलिंग लावू शकत होता. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं इंग्लिश डर्बी जिंकणारा आयर्लंडचा मिक द मिलर तर सिनेमातही चमकला. त्याचा पेंढा भरलेला देह आजही ट्रिंगच्या संग्रहालयात उभा आहे.

पण पैजेचा धंदा विश्वासावर चालतो. आदल्या रात्री कुत्र्याला कुणी भरपेट खाऊ घातलं किंवा काही पाजलं, तर पैजा लावणारे दुसऱ्या दिवशी फिरकणार नाहीत. म्हणून मोठ्या ट्रॅकवाल्यांनी कुत्री मालकांच्या घरी न ठेवता आपल्या ताब्यातल्या केनेलमध्ये, पगारी ट्रेनरच्या देखरेखीखाली ठेवली. पुढे ट्रेनर स्वतंत्र झाले, केनेल शहराबाहेर गेली, तरी कुत्र्याने केनेलमध्येच राहायचं हे कायम राहिलं. कुत्र्याच्या मनाचा विचार करायचा, तर मला ही गोष्ट शर्यतीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

केनेलमधला दिवस कसा असतो? ब्रिटनमध्ये धावणारी बहुसंख्य कुत्री आयर्लंडमध्ये जन्मतात. पिल्लू भावंडांच्या घोळक्यात वाढतं. वर्षाचं झालं की शिकवणी सुरू होते. पंधरा महिन्यांच्या आत शर्यतीत उतरवत नाहीत. ट्रेनरकडे एका खोलीत बहुधा दोघं झोपतात, बाजूच्या खोल्यांत आणखी डझनावारी. सकाळी ठरल्या वेळी दार उघडतं, ठरल्या वेळी खाणं, ठरल्या वेळी पॅडॉकमध्ये मोकळं सोडणं. शर्यतीला जातानाही गाडीत सोबत असते, ट्रॅपमध्ये उजवी-डावीकडे पाच जण. आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ तरुणपणी बेल व्ह्यूला टोटच्या, म्हणजे पैजा घेण्याच्या खिडकीत काम करायचे. बुक्काच्या कानातलं गोंदण त्यांनी बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "याने आयुष्यात शांतता ऐकलेली नाही. केनेलमध्ये रात्रीसुद्धा कुणीतरी घोरत असतं, आणि दिवसा रेडिओ चालूच."

हे वाक्य मला पशुवैद्यांच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडलं. ज्या प्राण्याने जिना पाहिलेला नाही, काचेचं दार पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी रिकामं घर ही तर सगळ्यात अनोळखी वस्तू. चार वर्षांचा होईपर्यंत जो एक क्षणही एकटा राहिला नाही, तो एकटेपणाला घाबरला तर त्यात हट्ट कसला आणि सूड कसला?

निवृत्त कुत्र्याने कुणाच्या घरी जावं, ही कल्पनाच या धंद्यात उशिरा आली. ग्रेहाउंड बारा-चौदा वर्षं जगतो, धावतो त्यातली जेमतेम तीन. उरलेल्या आयुष्याची देशभराची सोय करायला रिटायर्ड ग्रेहाउंड ट्रस्ट निघाली ती 1975 मध्ये, म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. त्यानंतरही किती कुत्री त्या सोयीबाहेर राहिली हे 2006 मध्ये उघड झालं. डरम परगण्यातल्या सीहम गावी एक माणूस वर्षानुवर्षं पैसे घेऊन निवृत्त कुत्री मारून पुरत होता. संडे टाइम्सने दिलेला आकडा दहा हजारांच्या घरातला होता. या देशाला तेव्हा खरोखर लाज वाटली. चौकशा झाल्या, 2010 मध्ये नियम आले. 2020 मध्ये प्रत्येक कुत्र्यामागे 400 पौंड निवृत्तीसाठी बाजूला ठेवायची पद्धत सुरू झाली. तिकडे मकाऊचा कॅनिड्रोम हा डॉग-ट्रॅक 2018 मध्ये बंद झाला, तेव्हा मागे उरलेल्या 533 कुत्र्यांना जगभर घरं शोधली गेली. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी 69 टक्क्यांनी शर्यती बंद करायचा कौल दिला. घरं मिळू लागली, हे फार चांगलं झालं. पण घरात राहायचं कसं, हे कुत्र्याला कोण शिकवणार, याची तजवीज या कुठल्याच आकड्यात नाही. ती दत्तक घेणाऱ्याने करायची असते.

एकटं राहायला शिकवण्याच्या पद्धतीलाही इतिहास आहे. दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने घाबरलेल्या मांजरांना आधी भीतीच्या खोलीपासून दूर, मग थोड्याशा तशाच दिसणाऱ्या खोलीत, मग आणखी तशाच खोलीत खाऊ घालून त्यांची भीती घालवली. 1958 च्या पुस्तकात त्याने हीच रीत माणसांसाठी मांडली. पुढे प्राण्यांच्या वर्तनाचे तज्ज्ञ ती कुत्र्यांकडे घेऊन आले. तत्त्व एकच: भीती जागी होण्याच्या आत परत यायचं.

आम्ही तेच केलं. दाराबाहेर पाऊल टाकायचं आणि लगेच आत यायचं. मग दहा सेकंद. मग अर्धं मिनिट. किल्ल्या उचलून परत खुंटीला लावायच्या, कोट घालून स्वयंपाकघरात भांडी घासायची, म्हणजे किल्ल्यांचा आवाज आणि कोट यांचा जाण्याशी लागलेला संबंध सुटतो. फोनचा कॅमेरा लावून पाहायचं: ओठ चाटणं, येरझाऱ्या, कान मागे जाणं दिसलं की तेवढा वेळ जास्त झाला, दुसऱ्या दिवशी कमी करायचा. सुरुवातीच्या रात्री त्याचं अंथरूण आमच्याच खोलीत होतं, श्वास ऐकू येतील एवढं जवळ. जेवण आणि फिरणं केनेलसारखं घड्याळावर. दिवसा रेडिओ. मधल्या काळात त्याला एकटं ठेवायला लागू नये म्हणून नवऱ्याने आणि मी हॉस्पिटलातल्या पाळ्या उलटसुलट करून घेतल्या आणि उरलेले तास ते शेजारचे गृहस्थ येऊन बसले. हे सगळं कंटाळवाणं आहे, आणि त्याला पर्याय नाही. रागावलं तर भीती वाढते. पिंजऱ्यात कोंडलं तर घाबरलेला कुत्रा दात आणि नखं मोडून घेतो. काही कुत्र्यांना डॉक्टर औषधही देतात. क्लोमिप्रामिन याच त्रासासाठी अमेरिकेत 1998 मध्ये मंजूर झालं. गरज असेल तर ते देण्यात कमीपणा मानू नये.

माझं माहेर जत तालुक्यातलं. तिकडे कारवानी कुत्री असतात, तीच उंच, कमरेत बारीक, वाऱ्यासारखी जात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती नावारूपाला आणली. आमच्या वस्तीवरचा कारवानी मेंढरांबरोबर फिरायचा, रात्री अंगणात पडायचा. त्याला घरात कोंडून सगळे कामाला गेले, असं कधी घडलंच नाही. बंद दारामागे आठ तास गप्प बसणं हे कुठल्याच कुत्र्याच्या रक्तात नाही. ही आपल्या शहरी नोकऱ्यांनी त्याच्यावर घातलेली अट आहे, आणि अट आपली असेल तर शिकवण्याचे कष्टही आपलेच.

बुक्का आता आमची एक पाळी पूर्ण होईपर्यंत झोपून राहतो.

इथल्या, अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांत हल्ली निवृत्त ग्रेहाउंड घेण्याची चौकशी बरीच होते. जरूर घ्या. पण आणण्याआधी देणाऱ्यांना विचारा की तो केनेलमध्ये कुणाबरोबर राहत होता, आणि कुठल्या घरात त्याला कधी एकटं ठेवून पाहिलं आहे का. पहिल्या महिन्यासाठी रजा शिल्लक ठेवा. सोबतीला बसू शकेल असं एखादं शेजारी माणूस आधी शोधा, मगच कुत्रा आणा.