खळीचा कागद आणि लाल चोपडी

दिवाळीच्या सुमारास बऱ्हाणपूरच्या बाजारात लाल खारव्याच्या बांधणीच्या चोपड्या विक्रीस येतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांची पूजा होते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, वर ‘श्री’ लिहिली जाते आणि बहुतेक पेढ्यांत चोपडीचे काम तेथेच संपते. वर्षभराचा जमाखर्च संगणकात होतो. दुसरीकडे मोठ्या शहरांतील हस्तकला-प्रदर्शनांत हातकागदाच्या सुंदर रोजनिश्या मांडलेल्या दिसतात. कोणा तरुण कारागिराने एकट्याने कागद निवडलेला असतो, घड्या घालून पाने शिवलेली असतात, पुठ्ठ्यावर वाळलेली पाने-फुले बसवलेली असतात. त्या वह्या लोक कौतुकाने विकत घेतात, भेट म्हणून देतात, आणि घेणारा त्या जपून कोऱ्या ठेवतो. एक वही पूजेसाठी, दुसरी भेटीसाठी. लिहिण्यासाठी मात्र यांपैकी एकही नाही. हातकागदाचा इतिहास वाचताना या गोष्टीचे गांभीर्य मला जाणवले, म्हणून हे टिपण.

बऱ्हाणपूर आणि कागद यांचा संबंध शोधू लागलो तर तो शहराच्या नावापासूनच सुरू होतो. इ. स. १४०० च्या आसपास खानदेशच्या नासिरखान फारुकीने तापीच्या काठी हे नगर वसवले आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. या संतांचा दर्गा खुलताबादेस आहे. खुलताबादहून दौलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा हे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस आणली तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या कागद्यांनी हे गाव वसवले, अशी तेथील परंपरा सांगते. ज्या परिसराने आपल्या शहराला नाव दिले, त्याच परिसराने दख्खनला दौलताबादी कागद दिला. त्याखेरीज जुन्नर, वऱ्हाडातील बाळापूर आणि खानदेशातील एरंडोल ही कागदाची गावे प्रसिद्ध होती. एरंडोलच्या जाड्याभरड्या देशी कागदाची ख्याती इंग्रजी गॅझेटियरकारांनीही नोंदवली आहे. फारुकींच्या काळी बऱ्हाणपूर ही याच खानदेशची राजधानी होती.

हा कागद होत असे तो चिंध्यांपासून आणि सणाच्या जुन्या गोण्या, दोर, जाळी यांपासून; म्हणजे जे इतर कामांतून बाद झाले त्यापासून. कच्चा माल तोडून चुन्याच्या निवळीत भिजवावयाचा, पायाने चालवावयाच्या ढेकीखाली कुटावयाचा, नदीच्या पाण्यात धुवावयाचा, पुन्हा चुना, पुन्हा कुटणे, पुन्हा धुणे. असे अनेक दिवस चालल्यावर जो लगदा होई तो हौदात पाण्यात कालवीत. कागदी हौदाच्या कडेशी बसून गवताच्या काड्यांची बारीक चटई लाकडी चौकटीवर ताणून लगद्यात बुडवी आणि हलक्या हाताने हलवून वर काढी. पाणी गळून जाई, चटईवर कागदाचा ओला थर राही. हे थर एकावर एक रचून दाबीत, मग एकेक सोडवून भिंतीवर कुंचल्याने चिकटवून वाळवीत. वाळलेल्या कागदाला खळ लावीत, कारण बिनखळीच्या कागदावर शाई फुटते. शेवटी गुळगुळीत दगडाने तो घोटीत. कागदावर बोरू अडखळू नये, हा त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू. शोभा हा त्या खटाटोपाचा भाग नव्हता; लेखन नीट उमटावे आणि टिकावे एवढेच पाहिले जाई.

शोभेलाही बऱ्हाणपुरात एके काळी मोठा आश्रय होता, हे खरे. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. दख्खनच्या मोहिमांचे ठाणे म्हणून बऱ्हाणपुरास महत्त्व आले. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे हिंदी भाषकांचे कवी रहीम, यांचा येथे दीर्घकाळ मुक्काम होता. त्यांच्या पदरी मोठे ग्रंथालय होते. त्यात सुलेखनकार, चित्रकार, सोनेरी वेलबुट्टी काढणारे आणि जिल्दगर काम करीत. अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मआसिरे रहीमी’ या ग्रंथात या कलावंतांची हकीकत दिली आहे. रहीमांनी करवून घेतलेली रामायणाची सचित्र फारसी प्रत आज अमेरिकेत वॉशिंग्टन येथील संग्रहालयात आहे. त्याच काळात दख्खनेत ‘अबरी’ कागदाची कला बहरली. पाण्यावर रंग सोडून, ते फणीने हलवून, त्यावर कागद टेकवून ढगांसारखी नक्षी उचलून घ्यावयाची ही रीत. आजच्या हातवह्यांच्या पुठ्ठ्यांच्या आत जो रंगीत लहरींचा कागद दिसतो, तो या अबरीचा वारस होय.

परंतु ग्रंथालये थोडी आणि दप्तरे फार. कागद्यांची चूल पेटती ठेवली ती राजदरबाराच्या चित्रांनी नव्हे, तर हिशेबांनी. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे. राज्ये बदलली तरी सनदा, ताकीदपत्रे, जमाबंदीचे कागद, हुंड्या आणि कीर्द-खतावण्या हातकागदावरच लिहिल्या जात होत्या. मराठी दप्तरात त्यांचे रुमाल झाले, आमच्याकडे बस्ते झाले. व्यापाऱ्याच्या चोपडीत रेघा आखलेल्या नसत. कागदाला घड्या घालून ज्या सळा पडत, त्यांनीच रकाने होत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मजबूत दोऱ्याने मध्ये शिवण, वर खारव्याचे वेष्टन आणि गुंडाळून बांधावयास लांब दोरी. ही चोपडी कोणी शोभेसाठी घेत नसे. न्यायालयात ती पुरावा म्हणून उभी राही, आणि बापाचे देणे मुलाने फेडावयाचे की नाही हे तिच्यावरून ठरे.

या आश्रयाला ओहोटी लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सर चार्ल्स वुड भारतमंत्री असताना सरकारी कचेऱ्यांना लागणारा माल विलायतेतून घ्यावा असा हुकूम झाला आणि देशी कागदाच्या धंद्यास मोठा धक्का बसला. तुरुंगांत कैद्यांकडून हातकागद करवून घेतला जाई. बिनमजुरीच्या त्या कागदाशी घरी बसून काम करणारा कागदी दरात टिकणे शक्य नव्हते. त्यानंतर गिरण्या आल्या. लखनौला १८७९ मध्ये, बंगालमध्ये टिटागढला १८८२ मध्ये, पुण्याजवळ मुंढव्यास त्याच दशकात. सरकार हा कागदाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक होता. तो निघून गेला आणि कागद्याकडे उरला फक्त पेढीवाला. पेढीवाल्याने आणखी काही पिढ्या साथ दिली, मग त्यानेही गिरणीचा कागद घेतला. चोपडीचे रूप तेच राहिले, लाल खारवाही राहिला. आतला कागद बदलला.

महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा हातकागद हा त्याच्या कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली प्रयोग झाले. प्रा. के. बी. जोशी यांच्या प्रयत्नाने १९४० मध्ये पुण्यास हातकागद संस्था निघाली. जयपूरजवळ सांगानेर येथील राष्ट्रीय हातकागद संस्थेस पुढे कुमारप्पांचेच नाव देण्यात आले. जुन्या ढेकीच्या जागी लगदा करणारी यंत्रे आली, चटईच्या जागी तारेची जाळी आली, चिंध्यांऐवजी शिवणकामाच्या कारखान्यांतील सुती कातरण वापरात आले. आज एकटे-दुकटे कारागीर ज्या कागदाच्या वह्या शिवतात, तो पुष्कळसा या प्रयत्नांचे फळ आहे. या थोरांच्या मनात मात्र भेटवस्तू नव्हती. खेड्यातील शाळा, सोसायटी, कचेरी यांनी खेड्यातला कागद वापरावा, असा त्यांचा हिशेब होता.

आमच्या जिल्ह्यात याच्या अगदी उलट टोकाचा एक अध्याय घडला. सातपुड्यातील सालई आणि बांबू यांच्या आधारावर नेपानगरला वृत्तपत्री कागदाची देशातील पहिली गिरणी उभी राहिली. १९४७ मध्ये खासगी कंपनी म्हणून तिची स्थापना झाली आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. पुढे सुमारे पंचवीस वर्षे वृत्तपत्री कागद करणारी ती देशातील एकमेव गिरणी होती. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी बंद पडलेले उत्पादन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आता तेथे रद्दीपासून लगदा होतो. नेपाच्या कागदाने स्वतंत्र भारताला वर्तमानपत्रे वाचावयास दिली, हे ऋण लहान नव्हे. पण वृत्तपत्राचा कागद एका दिवसासाठी असतो. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहते. त्यामुळे प्रकाश लागताच कागद पिवळा पडतो. लिहिण्याच्या साध्या गिरणी-कागदाला तुरटी आणि राळ यांची खळ देण्याची पद्धत १८०७ नंतर युरोपातून जगभर पसरली. तिच्यातील आम्ल कागदाचे तंतू आतून खात राहते. कागद जीर्ण होण्यास हे आम्लच कारण आहे, हे अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सप्रयोग दाखवून दिले. चुन्यात वारंवार भिजलेल्या आमच्या खळीच्या कागदात मात्र आम्ल मारणारा चुन्याचा अंश शिल्लक राहतो. काजळाची शाई त्याला जाळीत नाही आणि फिकीही पडत नाही.

हे रसायनशास्त्र मला पुस्तकातून कळण्याआधी नोकरीत कळले होते. माझी सारी सेवा महसूल विभागात झाली. एका तहसील कार्यालयात असताना इनामी जमिनीच्या प्रकरणात एका शेतकऱ्याने फडक्यात बांधलेली मोडी सनद आणून दाखवली. शिंदेशाहीतील तो कागद. घडीवर घडी घालून शंभर-दीडशे वर्षे पेटीत राहिलेला, कडेला कसरीने खाल्लेला, पण उलगडला तेव्हा कापडासारखा मऊ उलगडला आणि प्रत्येक अक्षर शाबूत होते. त्याच आठवड्यात एक विधवा बाई तिच्या नामांतरणाच्या आदेशाची नक्कल मागावयास आली. तिचे प्रकरण १९७० नंतरच्या दशकातील. बस्ता सोडला, प्रकरण सापडले, आणि आदेशाचे पान घडीवर मोडून त्याचे तुकडे माझ्या टेबलावर पडले. आदेशाचा नेमका भाग त्या मोडलेल्या ओळींत होता. पटवाऱ्याच्या नोंदी, साक्षीदार, शपथपत्रे यांवरून ते प्रकरण पुन्हा उभे करावे लागले आणि त्यासाठी त्या बाईला दीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. चूक कोणा एका माणसाची नव्हती. शासनाने स्वस्त कागद घेतला होता. किंमत तिने दिली.

म्हणून हातकागदाच्या वहीकडे मी शोभेची वस्तू म्हणून पाहू शकत नाही. जो कागद शतकभर साक्ष देऊ शकतो त्यावर आपण काहीच लिहीत नाही, आणि जे टिकावयास हवे ते आम्लाच्या कागदावर किंवा दर दहा वर्षांनी बदलणाऱ्या यंत्रांत ठेवतो. या वह्या करणाऱ्या कारागिरांना दोष देण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक भेटवस्तू मागते, ते भेटवस्तू करतात. पण केवळ भेटीच्या मोसमावर उभा राहिलेला धंदा किती टिकतो हे कागद्यांच्या इतिहासावरून दिसते. सरकार गेले तेव्हा तो खचला, पेढीवाला गेला तेव्हा बसला. कोऱ्या वह्यांचे कौतुक त्याला उभा करू शकणार नाही. वही भरली तरच माणूस दुसरी वही घ्यावयास येतो.

बऱ्हाणपूरपुरते बोलावयाचे तर येथे कशाचीही वाण नाही. यंत्रमागांचे हे शहर आहे, सुती कातरण गल्लोगल्ली पडते. जिल्हा केळीचा आहे. घड उतरल्यावर केळीचे खांब बांधावर कुजत पडतात. त्यांच्या धाग्यापासून बचत गटांतील स्त्रिया टोप्या, टोपल्या करू लागल्या आहेत, आणि केळीच्या धाग्याचा कागद उत्तम होतो हे अन्यत्र सिद्ध झालेले आहे. उणीव आहे ती लिहिणाऱ्याची.

तेव्हा दोन साध्या सूचना करतो. आपल्या मंडळाच्या सभांचे इतिवृत्त यापुढे हातकागदाच्या, हाताने शिवलेल्या वहीत, न फिकटणाऱ्या शाईने लिहिले जावे. वर्षाला एक वही पुरेल; खर्च फार नाही. दुसरी सूचना सभासदांच्या घरांविषयी आहे. माळ्यावर पडलेल्या जुन्या चोपड्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहाव्यात. खळीचा कागद बोटाला कळतो; तो वाकतो, मोडत नाही. तशी चोपडी हाती लागली तर ती ग्रंथालयाकडे द्यावी. कोणत्या वर्षी कापसाला काय भाव आला, कोणाचे कर्ज कोणी माफ केले, कोणत्या दुष्काळात पेढीने धान्य उधार दिले, हे शहराचे चरित्र दुसरीकडे कोठेही लिहिलेले नाही.