चिखलातली शर्यत आणि इंजिनाचे माप

मोटारसायकलची शर्यत म्हटली की डांबरी रस्ता डोळ्यांपुढे येतो. आज जिच्याविषयी बोलावयाचे आहे ती शर्यत रस्ता सोडून धावते. माळावरून, टेकाडावरून, ओढ्याच्या चिखलातून. तिला मोटोक्रॉस म्हणतात. आषाढात हिवरखेडच्या शिवारातल्या काळ्या मातीतून ज्याने दुचाकी बाहेर काढली आहे, त्याला या खेळातली अर्धी विद्या कोणी शिकवावयास नको!

ह्या खेळाचा जन्म इंग्लंडातला. 29 मार्च 1924 रोजी कॅम्बर्लीजवळच्या माळावर काही हौशी मंडळींनी अशी शर्यत लावली. गाडी किती कौशल्याने चालवली याचे गुण द्यावयाचे नाहीत, जो आधी पोहोचेल तो जिंकला, एवढाच नियम. तिला ते ‘स्क्रॅम्बल’ म्हणू लागले. पुढे फ्रेंच व बेल्जियन लोकांनी फेरी आखूड केली, उड्या घातल्या आणि मोटोक्रॉस हे नाव दिले. 1947 साली हॉलंडमध्ये वासेनार येथे राष्ट्राराष्ट्रांचा पहिला सामना झाला, तो ब्रिटिशांनी जिंकला. 1957 पासून 500 सी.सी.ची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली आणि स्वीडनचा बिल निल्सन पहिला विजेता ठरला. 250 सी.सी.चा जागतिक वर्ग 1962 साली आला, 125 सी.सी.चा 1975 साली.

हे वर्ग कशासाठी? शंकरपट पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. आदत गोऱ्हा आणि भरल्या दाताचा बैल यांना एकमेकांविरुद्ध पळवण्यात कसली आली मर्दुमकी? बैलाचे दात पाहतात, तसे इथे इंजिनाचे पोट पाहतात. दट्ट्या वरखाली होताना जेवढी जागा व्यापतो ती घन सेंटिमीटरांत मोजली की झाली सी.सी. पण एवढ्याने न्याय होत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरा सोडून. म्हणजे सारख्या पोटाच्या दोन इंजिनांत पहिले दुप्पट वेळा जोर लावते. म्हणून 2004 साली जागतिक स्पर्धेचे वर्ग नव्याने बांधले तेव्हा 125च्या टू-स्ट्रोकला 250च्या फोर-स्ट्रोकबरोबर, आणि 250च्या टू-स्ट्रोकला 450च्या फोर-स्ट्रोकबरोबर उभे केले. नुसते माप सारखे असले म्हणजे वागणूक सारखी झाली असे नव्हे, ही गोष्ट कारखान्यात पीस-रेट ठरवताना आम्ही मालकांना वर्षानुवर्षे समजावीत आलो. शर्यतवाल्यांना ती लवकर उमगली.

आता कारखान्यांकडे वळू, कारण माझ्या मते या खेळाचा खरा इतिहास तिथे आहे. 1964 व 1965 या दोन्ही साली 500 सी.सी.चा विजेता जेफ स्मिथ हा बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.ची गाडी चालवीत असे. लगेच 1966 साली पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीड्रिक्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सी.झेड.वर ते पद नेले आणि सलग तीन वर्षे राखले. त्याची गाडी टू-स्ट्रोक, वजनाला हलकी. गंमत अशी की बी.एस.ए. आणि सी.झेड. ही दोन्ही नावे मूळची बंदुकांच्या कारखान्यांची! 1970 साली सुझुकीने 250चे पद घेतले आणि जपानचा पाय या चिखलात रुतला तो कायमचा. बी.एस.ए. 1973 पर्यंत कोलमडली. स्मॉल हीथच्या त्या अवाढव्य कारखान्याला टाळे लागले आणि कारागिरांच्या हातची विद्या त्यांच्याबरोबर घरी गेली.

सी.झेड.ची जोडीदार जावा. तिची गाडी 1961 पासून म्हैसूरला इराणींच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली. 1973 पासून तीच येझदी. तिची 250 सी.सी.ची टू-स्ट्रोक गाडी कच्च्या वाटेला भीत नसे, हे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना विचारावे. तो कारखानाही 1996 साली बंद पडला. पुढे 2016 साली जावा आणि बी.एस.ए. ही दोन्ही नावे महिंद्र समूहाच्या कंपनीकडे आली. नावे विकत घेता येतात. कामगार मात्र पांगले ते पांगलेच.

महाराष्ट्रात हा खेळ पुणे-नाशिककडे रुजला. 28 जानेवारी 2024 रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सुपरक्रॉस म्हणजे क्रीडांगणात माती आणून टाकून, टेकाडे रचून लावलेली मोटोक्रॉस. 1972 साली लॉस अँजेलिसच्या स्टेडियममध्ये अशी शर्यत भरली तेव्हापासून तिचा बोलबाला झाला. पुण्यात 450 व 250चे परदेशी चालकांचे वर्ग होते, भारत-आशियाचा 250चा निराळा वर्ग होता आणि पोरांसाठी 85 सी.सी. यावरून आपली पायरी कोणती ते दिसतेच. चालकांत धमक नाही असे कोण म्हणेल? बंगळूरच्या सी. एस. संतोषने 2015 साली डाकारची वाळवंटातली शर्यत पुरी केली, असे करणारा तो पहिला भारतीय. आणि केरळच्या हरिथ नोआने 2024 साली तिथे रॅली-2 वर्ग जिंकला. अडते ते यंत्रापाशी. शर्यतीची 250ची गाडी परदेशाहून येते, किंमत सात-आठ लाखांच्या घरात, आणि रस्त्यावर चालवण्याचा परवाना तिला मिळत नाही. कपाशीच्या दोन एकरांवर घर चालवणाऱ्याच्या पोराने ती कशी घ्यावी?

आणि हे त्या राज्यात, जिथे चाकणच्या बजाज कारखान्यात ऑस्ट्रियाच्या के.टी.एम.च्या रस्त्यावरच्या लहान गाड्या वर्षानुवर्षे बनत आहेत! बजाजने के.टी.एम.मध्ये 2007 साली भाग घेतला. 2013 साली चाकणच्या कामगारांनी जवळजवळ पन्नास दिवस काम बंद ठेवले. त्यांच्या मागण्यांत एक अशी होती की कंपनीचे 500 शेअर प्रत्येकी एक रुपयाने कामगाराला द्यावेत. वर्तमानपत्रांनी तिची थट्टा केली. ज्याच्या हाताने वस्तू घडते त्याने वाटा मागितला, यात हसण्यासारखे काय होते ते मला अद्याप कळलेले नाही. शेअर काही मिळाले नाहीत.

2024च्या नोव्हेंबरात के.टी.एम.च दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली. माटिगहोफेनच्या कारखान्यात काम थांबले, शेकडो माणसे घरी बसली. बजाजने पैसा ओतला आणि 2025 साली कंपनीचा ताबा घेतला. मालकी पुण्याकडे आली. चिखलात पळणाऱ्या 250 आणि 450 मात्र माटिगहोफेनलाच जोडल्या जातात.