खडू कोणाच्या हातीं?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्याकडील पुष्कळ शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवरून काळा फळा खालीं उतरला, व त्याच्या जागीं विजेवर चालणारा आणि बोटाच्या स्पर्शास प्रतिसाद देणारा नवा फळा आला. त्यास सर्वत्र ‘स्मार्ट बोर्ड’ म्हणतात. त्याचे कैवारी सांगतात कीं, ह्यामुळें विद्यार्थी केवळ श्रोता न राहतां अध्ययनांत भाग घेऊं लागतो. विरोधक म्हणतात कीं, हा निव्वळ दिखाऊ खर्च आहे. उभय पक्षांनीं फळ्याचा पूर्वेतिहास थोडा चाळला असता, तर खरा प्रश्न फळा काळा कीं पांढरा हा नसून त्यावर लिहावयाचें कोणी हा आहे, असें त्यांस दिसून आलें असतें.

आमच्या जुन्या गांवठी शाळेंत भिंतीवर फळा नव्हता. पंतोजींसमोर मुलें बसत व त्यांच्यापुढें धूळपाटी असे. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर अक्षर काढावयाचें, चुकलें तर हात फिरवून पुन्हां काढावयाचें. ‘धुळाक्षरें गिरविणें’ हा वाक्प्रचार त्या काळाची साक्ष अद्यापि देतो. ह्या पद्धतीचे दोष उघड होते. घोकंपट्टी होती, छडी होती. परंतु लिहिणारा हात मुलाचा होता, आणि चुकीस कांहीं मोल पडत नसे. १७८९ सालीं मद्रासेंतील एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार अँड्र्यू बेल ह्यांनीं हातीं घेतला. मलबारी मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढितांना त्यांनीं पाहिलीं, ती रीत आपल्या शाळेंत आणिली, व १७९७ सालीं लंडन येथें ह्या प्रयोगाचा वृत्तांत छापिला. पुढें इंग्लंडांतील गरिबांच्या शाळांत मुलें वाळूवर अक्षरें गिरवूं लागलीं, त्या रीतीचा एक उगम असा आमच्या देशांत आहे.

भिंतीवरील मोठ्या फळ्याचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं झाला. अमेरिकेंत वेस्ट पॉइंट येथें जॉर्ज बॅरन ह्यांनीं १८०१ सालीं गणितासाठीं फळा वापरला. एडिंबरोच्या रॉयल हायस्कूलचे जेम्स पिलन्स भूगोल शिकवितांना रंगीत खडूंनीं फळ्यावर नकाशे काढीत. साऱ्या वर्गास एकाच वेळीं एक आकृति दाखवितां येऊं लागली, हा लाभ लहान नव्हे. मात्र त्याबरोबर खडू गुरूच्या हातीं गेला व मुलें पाहणारीं झालीं.

तो विद्यार्थ्याच्या हातीं देण्याचा यत्न लवकरच झाला, व तो चांगलाच अंगाशीं आला. अमेरिकेंतील येल कॉलेजांत तोंवर विद्यार्थी पुस्तकांतील आकृति पुढें ठेवून शंकुच्छेदांच्या सिद्धता सांगत. १८३० सालीं, आकृति स्मरणानें फळ्यावर काढूनच सिद्धता द्यावी, ह्या नियमाविरुद्ध त्यांनीं बंड केलें, आणि ९६ जणांच्या वर्गांतील ४३ जणांस कॉलेजांतून काढून टाकण्यांत आलें. आज त्यांचा हट्ट पोरकट वाटेल. तथापि त्या तरुणांनीं एक गोष्ट अचूक ओळखिली होती. छापील आकृतीकडे बोट दाखविणें निराळें, आणि रिकाम्या फळ्यापुढें उभें राहणें निराळें. पहिल्यांत अज्ञान झांकतां येतें. दुसऱ्यांत तें पहिल्याच रेघेस उघडें पडतें.

१९९१ सालीं कॅनडांतील एका कंपनीनें ‘स्मार्ट बोर्ड’ ह्या नांवाचा फळा बाजारांत आणिला. त्यानंतर सुमारें बारा वर्षांनीं ब्रिटिश सरकारनें असल्या फळ्यांसाठीं कोट्यवधि पौंड खर्च करून ते शाळाशाळांतून बसविले. त्यामुळें त्यांच्या परिणामांची कसून तपासणी प्रथम तेथेंच झाली. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांस प्राथमिक वर्गांत असें आढळलें कीं, नव्या फळ्यानें पाठाचा वेग वाढला. परंतु गुरूनें विचारावें व मुलानें थोडक्यांत उत्तर द्यावें, हा जुना सांचा बहुतेक तसाच राहिला. गुणांत पहिल्या वर्षीं जी अल्प वाढ दिसली, ती दुसऱ्या वर्षीं टिकली नाहीं. लंडनच्या माध्यमिक शाळांविषयीं २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत, फळे नव्यानें बसविल्याच्या वर्षांत मुख्य विषयांच्या परीक्षांवर त्यांचा परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाहीं. त्याच वर्षींच्या मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या अहवालाचा सूर मात्र अधिक आशादायक होता: जेथें मुलें दीर्घकाळ ह्या फळ्यावर शिकलीं व शिक्षकाचा हात त्यावर बसला, तेथें लाभ दिसून आला. हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी दिसतात. आम्हांस ते तसे वाटत नाहींत, आणि त्याचें कारण आमच्याच वर्गांत आम्हांस सांपडलें.

आम्ही इतिहास शिकवितों. स्मार्ट बोर्ड आल्यावर पानिपतच्या मोहिमेचा एक हलता नकाशा आम्ही मोठ्या हौसेनें वर्गांत दाखवूं लागलों. रंगीत बाण सरकत, सैन्यें नद्या ओलांडीत, मुलें एकाग्रतेनें पाहत. परीक्षेच्या उत्तरपत्रिका हातीं आल्या तेव्हां आम्ही चकित झालों. ‘अब्दालीनें मराठ्यांची दिल्लीची वाट रोखली’ हें वाक्य बहुतेकांनीं लिहिलें होतें. आणि त्याच पानावरील आकृतींत अब्दाली उत्तरेस व मराठे दक्षिणेस उभे केले होते! दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकत नाहींत, ही शंका कोणासच आली नव्हती.

पुढील वर्षीं नेमक्या त्याच तासाला वीज गेली. कोपऱ्यांतील जुना फळा पुढें ओढून आम्हीं एका मुलीच्या हातीं खडू दिला. तिनेंही अब्दालीस उत्तरेस बसविलें. तो काबूलकडून आला, मराठे पुण्याहून गेले, तेव्हां दुसरें काय होणार? इतक्यांत मागच्या बांकावरून प्रश्न आला, “मग भाऊसाहेबांची दिल्लीची वाट बंद कशी झाली, सर?” उत्तर अगदीं ओठांवर आलें होतें, तें आम्हीं मोठ्या कष्टानें गिळलें. वर्गांत वाद माजला. कोणी यमुना काढावयास सांगितली, कोणी कुंजपुरा. १७ ऑक्टोबर १७६० रोजीं मराठ्यांनीं तें ठाणें घेतलें, म्हणजे ते दिल्लीच्या बऱ्याच वर होते; अब्दाली यमुनेपलीकडे अंतर्वेदींत होता; त्यानें त्याच महिन्याच्या अखेरीस बागपतजवळ नदी ओलांडली. मुलगी क्षणभर थबकली, तिनें सारें पुसलें, व अब्दालीस पानिपतच्या दक्षिणेस आणून ठेविलें. “म्हणजे घराकडची वाट त्याच्या छावणींतून जात होती,” ती हळूच म्हणाली. १४ जानेवारी १७६१ पूर्वीं मराठी सैन्याची उपासमार कां झाली, हें त्या वर्गास पुन्हां सांगावें लागलें नाहीं.

ह्यावरून खडू श्रेष्ठ व यंत्र कनिष्ठ, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. चूक नकाशाची नव्हती. तो पूर्ण करून मुलांपुढें मांडणाऱ्या आमची होती. एकेका मुलास फळ्यापाशीं बोलावणें हाही रामबाण उपाय नव्हे. एक मूल बोटानें चित्र सरकवितें व बाकीचीं जांभया देतात, असा प्रकार लंडनच्या अहवालकारांसही दिसला होता. म्हणून आतां आम्ही स्मार्ट बोर्डावर केवळ नद्या व गांवें असलेला कोरा नकाशा ठेवितों. प्रत्येकानें आपली आकृति आधीं वहींत काढावी, मग दोघांनीं फळ्यावर काढावी, व वर्गानें न्याय करावा. पहिली चुकलेली आकृति व शेवटची दुरुस्त आकृति हा फळा शेजारीं शेजारीं दाखवूं शकतो. धुळीस किंवा खडूस तें साधत नसे. तो हलता नकाशा आम्ही अगदीं शेवटीं दाखवितों, आणि मग मुलें तो खऱ्या अर्थानें पाहतात.

१९८७ सालीं आमच्या देशांत ‘खडू-फळा मोहीम’ निघाली. तींत प्रत्येक प्राथमिक शाळेस फळ्याबरोबर किमान दोन खोल्या व दोन शिक्षक द्यावे, असें ठरलें होतें. २०१९ सालीं ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ जाहीर झालें. दोन्ही नांवांत फळाच आहे. परंतु पहिल्या मोहिमेंत फळ्याशेजारीं माणूसही मोजला होता, हें विसरूं नये. नवा फळा अवश्य यावा. मात्र तो बसविणाऱ्यांनीं शिक्षकास एक गोष्ट फळ्यासोबत द्यावी: मुलाची चूक फळ्यावर थोडा वेळ तशीच राहूं देण्याइतका अवकाश. अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईंत तोच आधीं पुसला जातो.