मुलाच्या मानसिक उपचारावर दुसऱ्या डॉक्टरांचं मत कसं घ्यायचं?

मूल वर्गात एका जागी बसत नाही म्हणून गोळ्या सुरू झाल्या. चार-सहा महिने झाले, फरक नाही. उलट पोरगं दिवसभर पेंगतंय. अशा वेळी दुसऱ्या मानसोपचार तज्ज्ञांना दाखवणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे.

पण गोळ्या मधेच बंद करू नयेत. काही औषधं एकदम सोडली तर झोप उडते, बेचैनी वाढते, क्वचित फिटही येते. मग आजार कुठला आणि औषध सोडल्याचा त्रास कुठला, हे नव्या डॉक्टरांनाही कळत नाही.

जाताना जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं आणि शाळेतल्या बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी न्याव्यात. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अंगारे-धुपारे केले असतील तर तेही सांगावं, लपवू नये.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. कुठं दाखवायचं हे ठरत नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

अल्पवयीन मुलाला शॉकचा उपचार सुचवला असेल, तर २०१७ च्या कायद्याने पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी, दोन्ही लागतात.