मोजणी चुकली की शेतकरी बुडतो

१/ १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांची जमीनमोजणी लागू झाली. मापे चुकली, मोजणीत लाचखोरी शिरली, सारा जड झाला. इंदापूरचे अनेक कुणबी शेते टाकून परागंदा झाले.

२/ १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथील मोजणी तपासून सुधारली. जमिनीचा कस पाहून नवे, हलके दर ३० वर्षांसाठी ठरले. पडीक रानांत पुन्हा नांगर फिरले.

३/ तेव्हा नोंदीवरून सारा ठरे. आज तिच्यावरून मदत ठरते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो. नोंद राहिली, तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. भरपाईचा दावा अडू शकतो.

४/ साखळी जाऊन मोबाइल आला. चुकीची किंमत मात्र आजही शेतकरीच मोजतो.