आद्याक्षरांत दडलेलें नांव

इ. स. १७४४ सालीं लिस्बन येथें विनोदी पोर्तुगीज नाटकांचा एक संग्रह दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यावर ग्रंथकर्त्याचें नांव नव्हतें. मात्र प्रारंभींच्या पद्यांतील चरणांचीं आद्याक्षरें ओळीनें वाचल्यास ‘आंतोनियु जोझे द सिल्व्हा’ हें नांव सिद्ध होई. ज्याचें नांव उघडपणें छापण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं, असा हा नाटककार कोण?

त्याचा जन्म १७०५ सालीं ब्राझिलमधील रिओ द जानेरो येथें झाला. त्याचे पूर्वज सक्तीनें ख्रिस्ती झालेले यहुदी होते. अशा ‘नवख्रिस्ती’ घराण्यांवर इन्क्विझिशन या धर्मन्यायासनाची सदैव नजर असे. या न्यायासनाची ओळख आपणांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. गोव्यांत त्याचीच एक शाखा १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें वगळल्यास, चालू होती. आंतोनियुच्या आईवर गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याचा आरोप आला व १७१२ सालीं तिला लिस्बनला नेण्यांत आलें. वकील व कवि असलेला बाप मुलांसह तिच्यामागोमाग गेला.

आंतोनियुनें कोइंब्रा येथें कायद्याचें अध्ययन केलें. परंतु १७२६ सालीं त्यालाही पकडण्यांत आलें. तेथें त्याचे इतके हाल झाले कीं कांहीं काळ त्याला स्वतःची सही करतां येईना. जाहीर प्रायश्चित्तानंतर त्याची सुटका झाली व तो वकिली करूं लागला.

असा पोळलेला मनुष्य पुढें गप्प बसता तर नवल नव्हतें. त्यानें लोकांस हंसविण्याचें काम पत्करलें! १७३३ ते १७३८ या काळांत त्याचीं आठ नाटकें लिस्बनच्या बाइरु आल्तु नाटकगृहांत झालीं. पात्रें म्हणजे कळसूत्री बाहुल्या. गद्य संभाषणें आणि मधून मधून गाणीं. त्याच्या ‘डॉन किहोटे’ नाटकांत सांचो पांझा न्यायदेवतेची यथेच्छ थट्टा करतो. ‘आम्फित्रियाँव’ मध्यें एक बंदिवान आपला अपराध कोणता, असें विचारतो. हे शब्द कोणत्या अनुभवांतून आले असतील, हें सांगावयास नको.

१७३७ च्या ऑक्टोबरांत त्याला पुनः अटक झाली. दोन वर्षांच्या कैदेनंतर, १८ ऑक्टोबर १७३९ रोजीं, प्रथम गळा आवळून मग त्याचें शरीर जाळण्यांत आलें. कॅथॉलिक म्हणून मरण्याची इच्छा दर्शविली एवढ्यावरून त्याला मिळालेली ही सवलत!

पुढें १८२२ सालीं ब्राझिल स्वतंत्र झाला आणि १८३८ सालीं रिओच्या रंगभूमीवर गोन्साल्व्हिश द मागाल्यांइश याची शोकांतिका आली. ब्राझिलच्या राष्ट्रीय रंगभूमीचा प्रारंभ साधारणतः तिच्यापासून मानतात. तिचा नायक हाच आंतोनियु जोझे. वस्तुतः सातव्या वर्षीं ब्राझिल सोडलेल्या या लेखकाचें सर्व लेखन लिस्बनचें. तेव्हां त्याला ब्राझिलचा म्हणावें काय, असा आक्षेप विद्वान् घेतात. आक्षेप खरा आहे. तथापि ज्याची आई याच किनाऱ्यावरून पकडून नेली गेली, त्याच्यावर त्या भूमीनें हक्क सांगितला, यांत मला अन्याय दिसत नाहीं. लिस्बनला जें नांव आद्याक्षरांत लपवावें लागलें, तें रिओनें नाटकाच्या मथळ्यावर ठळकपणें छापलें.